नेटवर्क ड्राइव्हवरील फाईल व्यवस्थापनातील विलंब : कारणमीमांसा आणि उपाय

बीजसंज्ञा : नेटवर्क ड्राइव्ह, फाईल एक्सप्लोरर, एसएमबी, प्रतिसादकाळ, लघुचित्रे

प्रस्तावना

महाविद्यालयाचे कार्यालय, परीक्षा विभाग आणि ग्रंथालय यांतील बहुतेक कागदपत्रे आज संगणकावर तयार होतात. ही कागदपत्रे प्रत्येकाच्या स्वतंत्र संगणकावर विखुरलेली राहू नयेत, ती एकाच ठिकाणी सुरक्षित असावीत आणि संबंधितांना आपल्या टेबलावरून पाहता यावीत, या हेतूने अनेक महाविद्यालयांनी सर्व्हरवर सामायिक साठवणुकीची सोय केली. कर्मचाऱ्याच्या संगणकावर ‘झेड’ किंवा ‘वाय’ अशा अक्षराने दिसणारा नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे हीच सोय होय. या ड्राइव्हविषयी एक तक्रार मात्र सर्रास ऐकू येते. फोल्डरवर दोनदा क्लिक करावे, खिडकी उघडावी आणि आतील नावे दिसण्यासाठी वाट पाहत बसावे. कधी नावे दिसतात पण चित्रे उमटत नाहीत, कधी संपूर्ण खिडकीच गोठते आणि शीर्षकात ‘नॉट रिस्पाँडिंग’ हे शब्द येतात.

या विलंबाची किंमत केवळ मिनिटांत मोजून भागत नाही. सामायिक ड्राइव्ह त्रासदायक झाला की माणसे तो टाळू लागतात. अंतर्गत गुणांची यादी पेनड्राइव्हवर उतरवली जाते, घरी दुरुस्त होते, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच संगणकावर चढते. महिनाभरात एकाच यादीच्या चार आवृत्त्या तयार होतात आणि विद्यापीठाकडे नेमकी कोणती गेली हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. ज्या विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त झाले आणि चौथीत पुन्हा जुनेच राहिले, त्याच्या दृष्टीने हा संगणकाच्या गतीचा प्रश्न राहत नाही. शिवाय अनेकांच्या हातून फिरणारा पेनड्राइव्ह हा व्हायरसचा जुनाच वाहक आहे.

दुसरी किंमत पैशांची आहे. तक्रार वाढली की साहजिकच नवे संगणक, अधिक क्षमतेची इंटरनेट जोडणी किंवा नवा सर्व्हर यांचा प्रस्ताव पुढे येतो. यांपैकी इंटरनेट जोडणीचा तर इमारतीच्या आतील सर्व्हरशी होणाऱ्या व्यवहाराशी संबंधच नसतो, कारण तो व्यवहार इमारतीच्या आतच सुरू होतो आणि आतच संपतो. दुखणे वेगळेच असल्याने खर्च होऊनही विलंब कायम राहतो. प्रस्तुत लेखात या विलंबाची कारणे कोणती, ती ओळखावीत कशी आणि विनाखर्च कोणते उपाय करता येतात, यांचे विवेचन केले आहे. विवेचनाचा मुख्य आधार विंडोज प्रणालीतील फाईल एक्सप्लोरर हा आहे, कारण कार्यालयांतून तोच प्रामुख्याने वापरला जातो. इतर प्रणालींचा उल्लेख आवश्यक तेथे केला आहे.

रुंदी आणि हेलपाटे

नेटवर्कच्या क्षमतेचा विचार करताना सामान्यतः एकच मोजमाप डोळ्यांसमोर येते, ते म्हणजे एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते. शंभर मेगाबिट, हजार मेगाबिट ही भाषा त्यातूनच आलेली आहे. परंतु दुसरे एक मोजमाप तितकेच महत्त्वाचे आहे : एक प्रश्न पाठवल्यापासून त्याचे उत्तर हाती येईपर्यंत लागणारा वेळ. त्याला येथे प्रतिसादकाळ म्हटले आहे. पहिले मोजमाप रस्त्याच्या रुंदीसारखे आहे, तर दुसरे जाण्या-येण्याच्या अंतरासारखे.

अभिलेख कक्षात दोन हजार धारिका आहेत आणि त्यांची माहिती हवी आहे, अशी कल्पना करावी. शिपायाला एकदाच पाठवून नोंदवही मागवली तर दोन-चार खेपांत काम होते. परंतु प्रत्येक धारिकेसाठी स्वतंत्र चिठ्ठी देऊन, एक आणल्यावर दुसरीसाठी, असे त्याला पाठवत राहिले तर दोन हजार हेलपाटे घडतात. मार्गिका दुप्पट रुंद केली म्हणून या हेलपाट्यांतला एकही कमी होत नाही. नेटवर्क ड्राइव्हवरील विलंबाचे मूळ बहुतेक वेळा याच हेलपाट्यांत असते.

प्रतिसादकाळाचे सर्वसाधारण आकडे लक्षात घेतले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. चांगल्या तारेच्या जोडणीवर सर्व्हरचा प्रतिसाद एक सहस्रांश सेकंदाच्या आत मिळतो. वर्दळीच्या वायफायवर तो पाच ते दहा सहस्रांश सेकंदांपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. घरून व्हीपीएनद्वारे महाविद्यालयाच्या सर्व्हरशी जोडले असता तो तीस-चाळीस सहस्रांश सेकंद असणे सर्वसामान्य आहे. यातील काही भाग तर निसर्गनियमानेच ठरलेला आहे. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे आठशे किलोमीटर दूर असलेल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास किमान आठ सहस्रांश सेकंद लागणारच. कितीही पैसे मोजले तरी ते कमी होत नाहीत.

आता दोन हजार छायाचित्रांचा एक फोल्डर घेऊ. प्रत्येक फाईल उघडणे, तिचे गुणधर्म विचारणे, थोडा मजकूर वाचणे आणि ती बंद करणे, अशा चार फेऱ्या धरल्या तर एकूण आठ हजार फेऱ्या होतात. प्रतिसादकाळ अर्धा सहस्रांश सेकंद असेल तर या फेऱ्यांना चार सेकंद लागतात. वायफायवर तो पाच झाला की चाळीस सेकंद, आणि व्हीपीएनवर चाळीस झाला की तीनशे वीस सेकंद, म्हणजे पाच मिनिटे वीस सेकंद. प्रत्यक्षात संगणक काही प्रश्न एकाच वेळी पाठवतो आणि पडद्यावर दिसणाऱ्या फाईलींना अग्रक्रम देतो, त्यामुळे प्रत्यक्ष वेळ याहून कमी भरतो. तथापि प्रमाण हेच राहते.

एसएमबी आणि त्याचा वारसा

विंडोजमधील नेटवर्क ड्राइव्ह ज्या संकेतप्रणालीवर चालतो तिला एसएमबी म्हणतात. तिची पहिली रचना १९८३ मध्ये आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी युनिक्स प्रणालींसाठी तिची स्वतंत्र अंमलबजावणी सुरू केली, तीच आज सांबा या नावाने ओळखली जाते. महाविद्यालयांत जी छोटी साठवणूक यंत्रे विकत घेतली जातात त्यांतील बहुतेकांच्या आत लिनक्स आणि सांबाच असतात.

एसएमबीची पहिली आवृत्ती एकाच इमारतीतील मोजक्या संगणकांसाठी होती. तिच्यात शंभरांहून अधिक आज्ञा होत्या आणि साध्या कामालाही अनेक फेऱ्या लागत. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत या आज्ञा एकोणीसवर आणल्या गेल्या, अनेक मागण्या एका पाकिटात घालण्याची सोय झाली आणि पहिल्या मागणीचे उत्तर येण्यापूर्वी पुढच्या मागण्या रवाना करता येऊ लागल्या. २०१२ मध्ये विंडोज ८ आणि त्याच वर्षीच्या सर्व्हर प्रणालीबरोबर तिसरी आवृत्ती आली.

येथे एक बाब नीट समजून घेण्यासारखी आहे. फोल्डरातील नावांची यादी मागणे हे काम मुळात स्वस्त आहे. सर्व्हर एका उत्तरात नाव, आकार, दिनांक आणि प्रकार-खुणा यांची पूर्ण गड्डी पाठवतो. मध्यम लांबीची नावे असतील तर चौसष्ट किलोबाइटच्या एका उत्तरात सुमारे चारशे फाईलींची नोंद मावते. म्हणजे दोन हजार फाईलींच्या यादीला पाच-सहा फेऱ्या पुरेत. मग विलंब का होतो? कारण फाईल व्यवस्थापक एवढ्यावर थांबत नाही.

यादीपलीकडची चौकशी

१९८६ मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडरसारख्या जुन्या फाईल व्यवस्थापकांत नाव, आकार आणि दिनांक एवढेच दिसे. आजचा फाईल एक्सप्लोरर वापरकर्त्याच्या सोयीसाठी फाईलच्या आत डोकावतो, आणि सोयीची किंमत डिस्क स्वतःच्या संगणकात असेपर्यंत जाणवत नाही. तीच डिस्क नेटवर्कपलीकडे गेली की प्रत्येक डोकावणे हा एक हेलपाटा होतो.

यातील सर्वांत खर्चीक बाब म्हणजे लघुचित्रे. छायाचित्राचे लघुचित्र काढण्यासाठी मूळ फाईलचा मोठा भाग, कधी संपूर्ण फाईल, सर्व्हरवरून आणावी लागते. नॅकच्या मूल्यांकनासाठी सात निकषांखाली गोळा केलेल्या पुराव्यांचे फोल्डर ज्यांनी हाताळले आहेत त्यांना याचा अनुभव असेल. कार्यक्रमांची स्थलनोंद असलेली छायाचित्रे मोबाईलमधून जशीच्या तशी चढवलेली असतात आणि त्यांतील प्रत्येक चार-पाच मेगाबाइटचे असते. अशी तीस छायाचित्रे पडद्यावर दिसत असतील तर केवळ खिडकी उघडल्याने शंभर-दीडशे मेगाबाइट माहितीची मागणी होऊ शकते. एकदा काढलेली लघुचित्रे जपून ठेवण्यासाठी विंडोज त्याच नेटवर्क फोल्डरात ‘थम्ब्स डॉट डीबी’ नावाची लपलेली फाईल तयार करते. ही फाईल एखाद्या संगणकाने उघडी धरून ठेवली की दुसऱ्याला तो फोल्डर हलवता किंवा पुसता येत नाही. ‘फोल्डर वापरात आहे’ असा संदेश येतो आणि कोण वापरत आहे याचा पत्ता लागत नाही. वास्तविक कोणीच वापरत नसते.

दुसरी बाब रकान्यांची आहे. एक्सप्लोरर फोल्डरातील फाईलींवरून त्याचा प्रकार ठरवतो : सर्वसाधारण, दस्तऐवज, चित्रे, संगीत, चित्रफिती. चित्रांचा फोल्डर ठरला की ‘छायाचित्र घेतल्याचा दिनांक’, ‘मोजमाप’ असे रकाने आपोआप येतात. ही माहिती सर्व्हरने दिलेल्या यादीत नसते, ती फाईलच्या पोटात असते. त्यातही अशा रकान्यानुसार क्रम लावला असेल तर पडद्यावर दिसणाऱ्याच नव्हे, तर फोल्डरातील प्रत्येक फाईल उघडून पाहिल्याशिवाय क्रम ठरवताच येत नाही. वर मांडलेले आठ हजार फेऱ्यांचे गणित येथे जवळजवळ शब्दशः लागू पडते.

याखेरीज लहानमोठ्या अनेक चौकशा आहेत. कार्यान्वित होणाऱ्या फाईलींची चिन्हे त्या फाईलींतूनच वाचावी लागतात. शॉर्टकट असेल तर तो ज्या ठिकाणाकडे निर्देश करतो त्याचाही शोध घेतला जाऊ शकतो, आणि ते ठिकाण चार वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या संगणकावर असेल तर तो शोध कालमर्यादा संपेपर्यंत चालतो. पूर्वदर्शनाची चौकट उघडी असेल तर निवडलेली प्रत्येक पीडीएफ वा वर्ड फाईल उघडली जाते. बाण दाबत यादीतून खाली जाणाऱ्या वापरकर्त्याला आपण वीस फाईली उघडल्याचे कळतही नाही. त्यात भर म्हणजे अँटिव्हायरस : एक्सप्लोररने उघडलेली प्रत्येक फाईल तो आधी तपासतो, आणि बहुधा तीच फाईल सर्व्हरवरील अँटिव्हायरसनेही त्याच क्षणी तपासलेली असते.

निदानाची पद्धत

उपायांपूर्वी निदान करणे अगत्याचे आहे, कारण वरवर सारखे दिसणारे तीन विकार प्रत्यक्षात निराळे असतात : सर्व्हर सापडण्यास होणारा विलंब, यादी येण्यास होणारा विलंब आणि यादीनंतरच्या चौकशीत होणारा विलंब.

यासाठी विशेष साधनांची आवश्यकता नाही. विंडोजमधील कमांड प्रॉम्प्ट उघडून प्रथम पिंग आज्ञेने सर्व्हरचा प्रतिसादकाळ पाहावा. तो एक-दोन सहस्रांश सेकंद आणि स्थिर असेल तर तार, स्विच आणि जोडणी यांविषयी फारशी शंका घेण्याचे कारण नाही. एकदा दोन, एकदा ऐंशी, मध्येच उत्तर नाही, असे आकडे आले तर मात्र दोष वायफायमध्ये, सैल झालेल्या जोडटोकात किंवा स्विचमध्ये असतो, आणि एक्सप्लोररच्या मांडणीत काहीही बदलून उपयोग होत नाही. त्यानंतर त्याच खिडकीत डिर या आज्ञेने तोच फोल्डर सूचीबद्ध करावा. डिर ही आज्ञा केवळ यादी मागते, आत डोकावत नाही. डिरने दोन सेकंदांत दोन हजार नावे दाखवली आणि एक्सप्लोररला त्याच फोल्डरासाठी मिनिट लागले, तर सर्व्हर निर्दोष आहे असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. डिरही अडखळत असेल तर शोध सर्व्हरच्या दिशेने न्यावा.

ही एवढी साधी तुलना न करताच सर्व्हर बदलण्याचे निर्णय घेतले जातात, हे खेदाने नमूद करावे लागते.

चाचणी करताना एक काळजी घ्यावी. विंडोज नुकतीच आणलेली यादी काही काळ स्वतःजवळ ठेवते. मूळ मांडणीत हा काळ दहा सेकंदांचा असतो. त्यामुळे पाठोपाठ केलेली दुसरी चाचणी खोटेच समाधान देते. शिवाय या साठ्यात मावणाऱ्या एका यादीची मर्यादा चौसष्ट किलोबाइट आहे, म्हणजे पुन्हा ते चारशेच्या आसपासचे प्रमाण आले. हजारो फाईली एकाच फोल्डरात ठेवल्या की हा साठा त्यांच्या कामी येत नाही आणि मागे-पुढे जाताना दर वेळी नवी यादी मागवली जाते. वर्षानुसार आणि विभागानुसार उपफोल्डर करण्याचा सल्ला केवळ नीटनेटकेपणासाठी दिला जातो असा समज आहे. त्याला हे तांत्रिक कारणही आहे.

वापरकर्त्याच्या संगणकावरील उपाय

चौकशीतला विलंब असल्याचे निश्चित झाल्यावर पहिला उपाय फोल्डराच्या प्रकाराचा करावा. नेटवर्क फोल्डराच्या गुणधर्मांत ‘कस्टमाइझ’ या पानावर तो कशासाठी अनुकूल करावा हे निवडता येते. तेथे ‘जनरल आयटम्स’ निवडून तीच मांडणी उपफोल्डरांनाही लावावी. नंतर ‘डिटेल्स’ हे दृश्य ठेवून नाव, दिनांक, प्रकार आणि आकार यांखेरीज सर्व रकाने काढून टाकावेत. या एका बदलाने होणारा फरक अनेकदा इतका मोठा असतो की पुढचे काही करण्याची गरज उरत नाही.

लघुचित्रे बंद करण्यासाठी फोल्डर ऑप्शन्समधील ‘व्ह्यू’ पानावर ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थम्बनेल्स’ हा पर्याय आहे. त्याचा दोष असा की स्वतःच्या संगणकावरील लघुचित्रेही त्यासोबत जातात. ग्रुप पॉलिसी उपलब्ध असलेल्या विंडोज आवृत्त्यांत, म्हणजे होम आवृत्ती वगळता, केवळ नेटवर्क फोल्डरांतील लघुचित्रे बंद करण्याचे आणि थम्ब्स डॉट डीबी तयार होऊ न देण्याचे स्वतंत्र धोरण आहे. महाविद्यालयात डोमेन व्यवस्था असेल तर संगणक विभागाने हे धोरण एकदाच सर्व संगणकांना लावणे श्रेयस्कर. पूर्वदर्शनाची चौकट ऑल्ट आणि पी या कळा एकत्र दाबून बंद करता येते.

एक्सप्लोरर उघडतानाच, म्हणजे कोणताही नेटवर्क फोल्डर न निवडताच, पंधरा-वीस सेकंद गोठत असेल तर संशय मृत जोडणीवर घ्यावा. जुन्या सर्व्हरचा ड्राइव्ह अजून ‘एक्स’ या अक्षराने नोंदवलेला असतो, सर्व्हर केव्हाच निघून गेलेला असतो, आणि विंडोज दर वेळी त्याच्या दारावर थाप मारून उत्तराची वाट पाहते. नेट यूज ही आज्ञा दिल्यास सर्व नोंदी दिसतात. त्यांतील कालबाह्य नोंदी काढून टाकाव्यात. ‘क्विक ॲक्सेस’मध्ये अलीकडे वापरलेल्या फाईली दाखवण्याची सोय हाही असाच एक सापळा आहे. त्या यादीत बंद असलेल्या सर्व्हरवरील एखादी फाईल असेल तर खिडकी उघडतानाच ती शोधली जाते. ती सोय बंद करून एक्सप्लोरर ‘धिस पीसी’वर उघडेल अशी योजना करावी, अर्थात मृत ड्राइव्ह आधी काढून टाकल्यावरच, कारण ‘धिस पीसी’ प्रत्येक ड्राइव्हची शिल्लक जागा विचारतो.

ज्यांना रोज शेकडो फाईली हाताळाव्या लागतात अशा परीक्षा विभागातील कर्मचाऱ्यांसाठी दोन चौकटींचा फाईल व्यवस्थापक अधिक सोयीचा ठरतो. टोटल कमांडर हे त्यातील परिचित नाव. नॉर्टन कमांडरच्या परंपरेतील हा कार्यक्रम मूलतः यादीच दाखवतो आणि फाईलींची स्वतंत्र चिन्हे वाचणे मर्यादित करता येते. लिनक्समधील नॉटिलस आणि थूनार या व्यवस्थापकांत लघुचित्रे केवळ स्थानिक फाईलींसाठी दाखवण्याचा पर्याय आहे. नॉटिलसमध्ये फोल्डरातील फाईलींची संख्या मोजण्याबाबतही तसाच पर्याय मिळतो. मॅक संगणकाबाबत ॲपलने स्वतःच नेटवर्क फोल्डरांतील ‘डॉट डीएस स्टोअर’ फाईलींचे वाचन थांबवण्याची आज्ञा दिलेली आहे.

नकलेचे काम असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. पाच हजार छोट्या फाईलींची नक्कल करण्यास त्याच आकाराच्या एका फाईलपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, कारण प्रत्येक फाईलच्या उघडझापीचा खर्च वेगळा. म्हणून अशा फाईली झिप करून एकच गाठोडे पाठवावे. ते शक्य नसेल तर विंडोज व्हिस्टापासून प्रणालीतच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरावी. तिच्यात एकाच वेळी अनेक फाईलींची नक्कल करण्याची सोय आहे. एकाच सर्व्हरवरील शेकडो जुने फोल्डर पुसायचे असतील तर ते काम सर्व्हरवर बसूनच करावे, दुरून नव्हे.

सर्व्हरच्या बाजूचे प्रश्न

डिर आज्ञाही अडखळत असेल तर काही ठरावीक शक्यता तपासाव्यात. सकाळी पहिल्यांदा उघडताना दहा सेकंद लागतात आणि नंतर सारे सुरळीत चालते, असे असेल तर साठवणूक यंत्राच्या डिस्क वीजबचतीसाठी निद्रिस्त होत असण्याचा संभव आहे. कार्यालयीन वेळेपुरती ही बचत बंद करावी. सर्व्हर नावाने मंद आणि अंकी पत्त्याने त्वरित उघडत असेल तर दोष नाव शोधण्याच्या व्यवस्थेत आहे. अशा वेळी कायमस्वरूपी अंकी पत्ता वापरण्यापेक्षा नावाची नोंद दुरुस्त करणे योग्य, कारण डोमेन व्यवस्थेत अंकी पत्त्याने जोडल्यास ओळख पटवण्याची जुनी, दुबळी पद्धत वापरली जाते.

सांबावर चालणाऱ्या यंत्रांत एक खास अडचण संभवते. विंडोज फाईलच्या नावांतील लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करते. त्यामुळे विंडोजने अस्तित्वात नसलेले एखादे नाव विचारले की सांबाला ते कोणत्याही अक्षररूपात नाही याची खात्री करण्यासाठी संपूर्ण फोल्डर धुंडाळावा लागतो. फोल्डरात पन्नास फाईली असताना हे जाणवत नाही. पन्नास हजार असताना प्रत्येक नव्या फाईलच्या निर्मितीला हा शोध करावा लागतो. सांबाच्या मांडणीत अक्षरभेद पाळण्याची आणि सर्व नावे एकाच अक्षररूपात ठेवण्याची योजना करून हा शोध टाळता येतो. मात्र त्यासाठी आधीच्या सर्व फाईलींची नावे त्या रूपात बदलून घ्यावी लागतात, एरवी त्या सापडणारच नाहीत.

याच संदर्भात मराठी नावांविषयी एक नोंद करणे आवश्यक आहे, जरी तिचा गतीशी थेट संबंध नसला तरी. लिनक्समधील प्रचलित फाईलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रा-वेलांटीसह, तीन बाइट लागतात. म्हणजे मर्यादा पंचाऐंशी चिन्हांची झाली. ‘राष्ट्रीय सेवा योजना विशेष हिवाळी शिबिर समारोप कार्यक्रम अहवाल’ अशा धाटणीच्या नावापुढे गाव, तारीख आणि ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’ ही शेपटे जोडली की ती सहज ओलांडली जाते. विंडोजवर चालणारे नाव सर्व्हरवर चढत नाही आणि दोष पुन्हा नेटवर्कच्या माथी मारला जातो.

टाळावयाचा उपाय

मंद ड्राइव्हवरील उपाय म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करावी, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. जुन्या झेरॉक्स-स्कॅनर यंत्रातून थेट फोल्डरात प्रत पाठवण्यासाठी किंवा दहा-बारा वर्षांपूर्वीचे साठवणूक यंत्र दिसावे म्हणून तो अमलातही येतो. हा सल्ला सर्वथा चुकीचा आहे. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने याच आवृत्तीच्या विंडोजमधील अंमलबजावणीतील दोषाचा फायदा घेतला होता. त्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरील दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती, ती अनेकांनी बसवलेली नव्हती. त्या वर्षीच्या शरदातील विंडोज १० आवृत्तीपासून नव्या स्थापनेत ही पहिली आवृत्ती मूळ मांडणीत दिली जात नाही. आणि ज्या कारणासाठी ती पुन्हा सुरू केली जाते ते गतीचे कारणही टिकत नाही, कारण तीच सर्वांत अधिक हेलपाटे घालणारी आवृत्ती आहे. यंत्र जुने असेल तर ते बदलावे, किंवा स्कॅनची प्रत ई-मेलने पाठवण्याची सोय करावी.

अँटिव्हायरस पूर्णपणे बंद करणे हाही असाच घातक मार्ग. सर्व्हरवर अद्ययावत तपासणी चालू आहे याची खात्री असेल तर वापरकर्त्याच्या संगणकावरील नेटवर्क ड्राइव्हची दुहेरी तपासणी वगळता येते, परंतु तो निर्णय सर्व्हरची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने घ्यावा, एकेका कर्मचाऱ्याने परस्पर नव्हे.

घरून काम करताना

२०२० च्या टाळेबंदीत अनेक प्राध्यापकांनी प्रथमच घरून महाविद्यालयाचा ड्राइव्ह उघडला, आणि कार्यालयात सुसह्य वाटणारा विलंब तेथे असह्य झाला. यामागचे कारण वर आलेच आहे : फेऱ्या तितक्याच, प्रत्येक फेरी चाळीस-पन्नास पट लांब. एक्सप्लोररमधील वरील सर्व बदल येथे अधिकच उपयोगी पडतात, परंतु प्रतिसादकाळ कमी करणे कोणाच्याच हाती नाही. त्यामुळे दुसरा विचार करावा लागतो. फाईली घरापर्यंत ओढून आणण्याऐवजी फाईल व्यवस्थापकच फाईलींजवळ ठेवावा. रिमोट डेस्कटॉपद्वारे कार्यालयातीलच एखाद्या संगणकावर काम केले तर हेलपाटे इमारतीच्या आतच घडतात आणि तारेवरून केवळ पडद्याचे चित्र, कळफलक आणि माऊस यांच्या हालचाली येतात. अर्थात ही जोडणीदेखील व्हीपीएनच्या आतूनच करावी. ॲक्सेससारख्या डेटाबेसच्या बाबतीत तर हाच मार्ग अनुसरावा, कारण अशी फाईल दूरच्या ड्राइव्हवरून उघडलेली असताना जोडणी तुटली तर ती बिघडण्याचा धोका असतो.

ज्या फाईली अनेकांना एकाच वेळी दुरुस्त करायच्या नाहीत, केवळ वाचायच्या आहेत, त्यांची आपोआप अद्ययावत होणारी प्रत संगणकावर ठेवण्यासाठी विंडोजच्या काही आवृत्त्यांत ऑफलाइन फाईल्सची सोय आहे. परिपत्रके, अभ्यासक्रम, कोऱ्या नमुन्यांचे अर्ज यांच्यासाठी ती उत्तम. गुणांच्या याद्यांसाठी ती वापरू नये. दोन प्राध्यापकांनी आपापल्या प्रतीत बदल केले की जुळणीच्या वेळी कोणता बदल ग्राह्य धरावा असा प्रश्न संगणक विचारतो, आणि घाईत बसलेला वापरकर्ता बहुधा पहिलेच बटण दाबतो.